त्याले विचारलं का?

सुजाताचा फोन आला तेव्हा मी नरेंद्रनगरच्या चौकात हातगाडीपाशी उभा राहून पेरू निवडत होतो. पेरू, म्हणजे आमच्याकडचा जाम, टिल्लूसाठी हवा होता. टिल्लू हा आमच्या घरचा पोपट. त्याला जाम आतून गुलाबी लागतो. पांढरा निघाला की तो वाटीबाहेर फेकतो आणि वर माझ्याकडे असं बघतो की बाजार करण्याची माझी सगळी लायकीच निघते. म्हणून मी गाडीवाल्याला एक कापून दाखव म्हणत होतो आणि तो मला ऐकवत होता, "काका, जाम है ये, टरबूज थोडी है!" वाद चांगला रंगात आलेला असताना फोन वाजला. सुजाता एवढंच म्हणाली, "या लवकर. आई गेली." आवाज शांत होता. मी पैसे दिले, न कापलेले जाम घेतले आणि घरी आलो. मग माणसं जमायला लागली, कोणी सतरंजी अंथरली, कोणी फोन करायला बसलं, आणि मी किती तरी वेळ ती पिशवी हातात धरूनच दारात उभा होतो... शेवटी शेजारच्या काकूंनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. "द्या इकडे" वगैरे काही नाही, सरळ ओढली. बाई असत्या तर त्यांनी काकूंना तिथंच टोकलं असतं.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुजाताच्या आई. इंदोऱ्याच्या वस्तीत बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी जन्मभर बालवाडी चालवली. त्यामुळे अख्ख्या वस्तीच्या त्या बाई. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना आई म्हणावं की मामी, हा प्रश्न मला पडला होता. पण लग्नाच्या दिवशी माझ्याच बाजूचे दोन मित्र त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. भर मांडवात ते "जय भीम बाई" म्हणत हात जोडून उभे राहिले आणि त्यातल्या एकाला बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काहून रे, आता तरी नाक रुमालाले पुसतं का बाहीले?" तेव्हापासून मीही त्यांना बाईच म्हणू लागलो, आणि त्यांच्यासमोर जाताना नकळत आपलं नाक एकदा तपासू लागलो.

त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या नाइलाजानं. घरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी माझी ताकद दाखवायचं ठरवलं होतं. शरीरयष्टी माझी भरदार आहे, म्हणजे सुजाताच्या शब्दांत, वापराविना पडून आहे. गाडी दारात लागली. वॉर्डातला माणूस एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि "आजी, सोडा अंग मोकळं" म्हणत आम्ही त्यांना खुर्चीतून उचलूनच घेतलं. बाई हवेतूनच म्हणाल्या, "मी काय सिलिंडर आहो का जवाईबापू? उचलाच्या आधी विचारा तरी!" वॉर्डातला माणूस हसून म्हणाला, "आजी, आमचं रोजचं काम आहे हे." त्यावर बाई म्हणाल्या, "तुमचं रोजचं असन गा. मले तर आज पयल्यांदा उचलून राहिले ना?" आम्ही त्यांना पुन्हा खाली ठेवलं. त्यांनी श्वास घेतला, पदर सारखा केला, मग स्वतःहून दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "हं. आता."

घरी आल्यावर त्यांनी सुजाताला आणि मला समोर बसवलं. बालवाडीत बसवायच्या तसंच, फक्त आमच्या हातात खाऊ नव्हता. म्हणाल्या, "मले उठाले टाइम लागन. लागू द्या. जमलं नाही तर मीच हाक मारीन. पण मी काही म्हणाच्या आधी माह्या अंगाले हात लावाचा नाही. अंग माहं आहे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसलेल्या या बाईला म्हातारपणी एवढी एकच गोष्ट हवी होती: आपल्याला कोणी विचारल्याशिवाय धरू नये, आणि आपण नको म्हटलं तर ते ऐकलं जावं. मागणी साधी वाटते. घरात एखादं म्हातारं माणूस सांभाळून पाहिलेल्यांना ती किती अवघड आहे ते ठाऊक असेल. प्रेमाच्या घाईत आपण फार धरतो.

टिल्लू त्यांच्या आधीपासून घरात होता. आमची मुलगी प्रज्ञा मिहानमधल्या एका कंपनीत लागली, आणि पहिल्या पगारात माणसं आईवडिलांना काहीतरी घेतात म्हणून मी शर्टाची वाट पाहत होतो, तर ती सदरच्या बाजारातून हा पिवळाकेशरी पोपट घेऊन आली. देशी पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे, हा परदेशी कॉनूर जातीचा. त्याची नोंदणीही तिनं रीतसर केली. वर्षभरानं कंपनीनं तिला हैदराबादला पाठवलं. ती गेली आणि तिचा हा वारसा आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी राहिला. पहिल्या काही महिन्यांत गोड असलेलं ते पाखरू मग चावायला लागलं. चावायला म्हणजे कसं, हे माझ्या बोटांना विचारा. ती चोच सुपारी फोडायच्या अडकित्त्यासारखी चालते.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या घराण्यात मी किस्से सांगणारा माणूस म्हणून ओळखला जातो, म्हणजे जेवणावळीत माझ्या शेजारची खुर्ची शेवटी भरते. तर टिल्लू चावला की मी नुसता ओरडत नसे. "अगागागा, मेलो, तोडलं!" असं म्हणत मी हॉलभर नाचत असे, बोट वर धरून. पाहुणे आले की त्यांच्यासमोर कालचा चावा आणि आजची चिकटपट्टी दाखवत पुन्हा सगळं करून दाखवत असे. पाहुणेही मग "पाहू बरं" म्हणत आपलं बोट पिंजऱ्यात घालत, त्यांनाही प्रसाद मिळे, सगळे खदखदून हसत. उपायही चालू होतेच. कोणी सांगितलं, चोचीवर टिचकी मारा, मारली. कोणी सांगितलं, पिंजऱ्यावर काळं फडकं टाका, टाकलं. शेवटी मी वेल्डिंग करणारे घालतात तसला कातडी हातमोजा आणला. तो घालून मी पिंजऱ्यात हात घातला तेव्हा टिल्लूनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले आणि आधी मोज्याकडे, मग माझ्याकडे पाहून परत गेले.

आणि एक दिवस तो सुजाताच्या गालाला चावला. रक्त आलं. ती म्हणाली, "एक तर हा राहीन या घरात, नाही तर मी." मी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, ते चुकलं. कामठीचा माझा मावसभाऊ दिलीप पोपट न्यायला तयार होता. रविवारी येतो म्हणाला.

त्याच आठवड्यात बाई वॉकर घेऊन हॉलमध्ये बसू लागल्या होत्या. त्यांची खुर्ची पिंजऱ्यापासून थोडी दूर, खिडकीशी. त्या पेपर वाचत असत, पण बालवाडीच्या बाईंचा पेपर म्हणजे नुसती आड घ्यायची जागा, नजर पोरांवर. तीनचार दिवस त्यांनी आमचा सगळा खेळ पाहिला. शनिवारी मी ऑफिसातून आलो, टिल्लूला वाटीत दाणे घालायला हात आत घातला, त्यानं कडाडून चावा घेतला आणि मी "अगागागा" सुरू करणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चूप बसा जवाईबापू."

मी चूप बसलो. वयाच्या पन्नाशीत सासूनं दटावलं की माणूस आपोआप मांडी घालून बसतो.

"तुम्ही त्याले विचारलं का?"

"कोणाला? पोपटाला?"

"मंग कोणाले? हात त्याच्या घरात घातला ना? त्यानं तुमाले किती बार नको म्हटलं, दिसलं नाही का तुमाले?"

मला काहीच दिसलं नव्हतं. मग त्यांनी मला खुर्ची ओढायला लावली आणि पिंजऱ्याकडे नुसतं बघत बसवलं. हात मांडीवर, तोंड बंद. म्हणाल्या, "पाहा. तुमी नुसता हात उचलला का त्याच्या डोळ्यातली बाहुली पाहा, कशी बारीकमोठी होऊन राहिली. आता मानेचे पिसं पाहा, फुलले. आता मागं झुकला. इतकं सांगून राहिला बिचारा का बाबा नको येऊ, नको येऊ... अन् तुमी घातलाच हात. मंग त्याच्यापाशी काय राहिलं? चोच राहिली."

मी पाहिलं. खरोखर, तो सगळं सांगत होता. इतके दिवस मी त्याच्या चोचीकडेच बघत आलो होतो. बाकीचा पक्षी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांनी पिंकीची गोष्ट सांगितली. बालवाडीत पिंकी नावाची एक मुलगी होती, सगळ्यांना चावायची. रोज कोणाची तरी आई पोराचा दंड उघडा करून भांडायला दारात. सगळ्यांचं म्हणणं, काढून टाका हिला. बाई तिला कोपऱ्यात न बसवता नुसतं बघत राहिल्या. कधी चावते, कोणाला चावते. तर डाव्या बाजूनं येणाऱ्यालाच चावायची. कान तपासायला नेलं तेव्हा कळलं, डाव्या कानानं तिला ऐकूच येत नव्हतं. त्या बाजूनं कोणीही आलं की तिच्या दृष्टीनं ते आकाशातून पडायचं आणि ती घाबरून दात लावायची. बाईंनी तिची डावी बाजू भिंतीकडे करून तिला बसवलं. "चावनं गेलं तिचं," बाई म्हणाल्या, "एकदम नाही, हळूहळू गेलं. आता तिचीच पोट्टी शाळेत जाते."

रविवारी दिलीप रिकामा पिंजरा घेऊन कामठीहून आला. चहा व्हायच्या आधीच त्यानं "काय म्हणते मिठूमिया" म्हणत बोट आत घातलं. बाई पेपरामागून म्हणाल्या, "त्याले विचारलं का?" दिलीप हसला. पुढच्या क्षणी तो हसत नव्हता. आमच्या घराण्याचा कंठ दिलीपलाही मिळालेला आहे, त्यामुळे "अगागागा" साग्रसंगीत झालं. पण गंमत म्हणजे मी त्या वेळी टिल्लूकडे पाहत होतो. तो मान तिरपी करून, अंग ताठ करून, अगदी आनंदानं दिलीपचा नाच बघत होता. माझ्याकडे तो रोज असाच बघत असणार! भीतीनं सुरू झालेल्या चाव्याला पुढे आम्हीच करमणुकीची जोड दिली होती. बाई म्हणाल्या, "तुमी भाऊभाऊ तमाशा बंद करा, म्हंजे पाहणारा बी थंडा होईन." दिलीप रिकामा पिंजरा घेऊन परत गेला. सुजाता माझ्यावर रागावली, पण आपल्या आईपुढे तिचं काही चाललं नाही. बाईंनी तिच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

आधी आम्ही त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण बाईंचं म्हणणं, चावणाऱ्या लेकराचं पहिले दुखतं कुठं ते बघायचं. दुखत काही नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारलं, हा झोपतो कधी? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या मालिका संपेपर्यंत तो बिचारा दिव्यात आणि भांडणात बसलेला असायचा. डॉक्टर म्हणाले, याला तिन्हीसांजेनंतर अंधार आणि शांतता लागते. प्रज्ञानं हौसेनं टांगलेला कापडी तंबूही काढा म्हणाले, तो त्याला घरटं वाटतो आणि घरट्यावर तो पहारा देतो. मग पिंजरा बाईंच्या खोलीत गेला, भिंतीला पाठ लावून, म्हणजे मागून कोणी येणार नाही. संध्याकाळी दोघं एकदमच झोपायचे. सकाळी कोण आधी उठलं यावरून त्यांची कुरबुर आम्हाला ऐकू यायची.

आणि माझी शिकवणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात हात पिंजऱ्याबाहेर, नुसता दांड्यावर ठेवायचा आणि पेपर वाचायचा. मग बाजरीचं कणीस दोन बोटांत धरायचं. तो झुकून आला तर ठीक, मागं सरला तर कणीस खाली ठेवून निघून यायचं, तोंड वाकडं न करता. नंतर त्याच्यासमोर काठी धरायची आणि विचारायचं, "येतो का?" आणि थांबायचं. थांबणं मला सगळ्यात जड गेलं. मी गप्प राहिलो की माझ्या आत काहीतरी साचायला लागतं. चावलाच तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, त्याला हळूच दांड्यावर ठेवून दुसरीकडे बघायचं. एकदा अंगठ्याच्या पेरावर त्यानं पूर्ण जोर लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. टिल्लूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिकीट काढून आत गेल्यावर खेळ रद्द झाल्याचं कळावं. मागून बाई हळूच म्हणाल्या, "शाबास." बालवाडीत त्या पोरांच्या तळहातावर पेनानं चांदणी काढायच्या. मी हात पुढं केला असता तर मलाही मिळाली असती, पण अंगठा सुजला होता.

दिवाळीच्या आसपास तो बाईंच्या मनगटावर येऊन बसला. मग सुजाताच्या. ज्या सकाळी त्यानं तिच्या चहाच्या कपाच्या कानावर पाय ठेवून तिच्या गालाजवळ डोकं नेलं आणि नुसतं तिथं टेकवलं, त्या सकाळी तिनं मुदतीचा विषय कायमचा बंद केला. माझ्याकडे तो शेवटी आला, शिमग्यानंतर. मी विचारलं, थांबलो, त्यानं एक पाय उचलला, पुन्हा ठेवला, विचार केला, आणि आला. कोणाच्या हो म्हणण्याचं मला इतकं अप्रूप वाटलं नव्हतं. सुजातानं लग्नाला होकार दिला तेव्हा तर मी गृहीतच धरलं होतं. तो अजूनही कधीमधी चावतो. पिसं गळायच्या दिवसांत, किंवा मी घाईत असलो की हटकून. पण आता चावला की घरात पहिला प्रश्न मला विचारला जातो, त्याला नाही.

अशी काही वर्षं चांगली गेली. मग एका सकाळी बाईंच्या हातातून पेपर गळून पडला. झटका मोठा होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक "अं" तेवढा उरला, सगळ्याला तोच. धंतोलीतून त्यांना घरी आणलं तेव्हा सोबत शोभाताई आल्या, दिवसभर करायला. हाताला स्वच्छ, कामाला चोख, स्वभावानं गरीब. पण बाई त्यांना मारू लागल्या. डाव्या हातानं चमचा उडवायच्या, तोंड पुसायला गेलं की फटका. एक दिवस त्यांनी शोभाताईंच्या हाताला चावा घेतला. दातांचे वण उठले. शोभाताई माझ्याकडे हात दाखवत म्हणाल्या, "साहेब, आजीचा चांगला हात कपड्यानं पलंगाले बांधून ठेवू का? बाकी घरी ठेवतेत असंच. त्यायलेच लागत नाही मंग." भेटायला आलेल्यांनीही माना डोलावल्या.  सुजाता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडत उभी राहिली... तिच्या आईनं कोणाला चावावं!

मी बाईंच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो. हात मांडीवर, तोंड बंद. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून जे शिकलो होतो ते केलं. शोभाताई वाटी घेऊन आत गेल्या. पलंग असा होता की दार बाईंच्या उजव्या हाताला येई. चमचा गालापाशी येईपर्यंत बाई समोर भिंतीकडेच पाहत होत्या, आणि तो ओठाला लागल्याबरोबर दचकल्या. मग डोळे घट्ट मिटले. मग मान वळवली. मग डाव्या हाताची बोटं चादरीवर ताणली. शोभाताई दुसरा चमचा भरत होत्या. आता हात उडणार, मला आधीच कळलं, आणि हात उडाला. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की उजव्या बाजूचं आता त्यांना दिसणार नाही. गोळ्यांच्या वेळा पाठ करण्याच्या गडबडीत आम्ही ते साफ विसरलो होतो. मला पिंकी आठवली. सगळं जग बाईंवर उजवीकडून, न दिसता, न विचारता येऊन आदळत होतं.

कोणी म्हणेल, हा माणूस सासूची तुलना पोपटाशी करतो. बाईंना त्याचं काही वाटलं नसतं. झालंच तर त्या टिल्लूच्या बाजूनं रागावल्या असत्या, की त्यात त्याचा काय कमीपणा आहे.

त्याच दुपारी आम्ही पलंग फिरवला. दार डावीकडे आणलं. सुजातानं शोभाताईंना सांगितलं, आधी समोर यायचं, वाटी दाखवायची, विचारायचं आणि थांबायचं. आईनं डोळे उघडे ठेवून पाहिलं तर हो, मिटले तर नको. शोभाताई म्हणाल्या, "असं होतं का? मले वाटे मी आवडत नाही आजीले." त्यांनी वाटी दाखवली. "आजी, वरण देऊ?" आम्ही तिघं थांबलो. बाईंना प्रश्न पोचायलाच वेळ लागत असे. बराच वेळ गेला. मग त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं, आणि स्वतःहून तोंड उघडलं. हात बांधायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे तर शोभाताई आमच्यापेक्षा तरबेज झाल्या. कूस बदलायच्या आधी त्या बाईंच्या डाव्या हाताखाली आपला हात ठेवून थांबत, आणि बोटांचा नुसता दाब ओळखत. मी मात्र चहा देऊ का विचारून तिसऱ्यांदा नको ऐकलं की कष्टी व्हायचो. तेव्हा त्या डोळे मिटल्यामिटल्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हसायच्या. नको म्हणायला मिळतंय याचाच तो आनंद असावा.

शेवटी छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, दवाखान्यात न्यायचं तर आज न्या. नेलं तर नळ्या लागतील, आणि काही दिवस मिळतीलही, सांगता येत नाही. सुजाता आईच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. "आई, धंतोलीत जायचं?" तिनं विचारलं, आणि थांबली. बाईंनी डोळे मिटले. चुकून मिटले असतील म्हणून संध्याकाळी तिनं उलटं विचारलं, "घरीच राहायचं?" बाई तिच्याकडे बघत राहिल्या. पापणीसुद्धा लववली नाही, डोळ्यांतून पाणी आलं तरी लववली नाही. सुजातानं मला बोलावून माझ्यासमोर पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग डॉक्टर घरीच येत राहिले, त्रास कमी व्हावा एवढंच बघत राहिले.

त्या गेल्या त्या दुपारी दिलीप मला बाजूला घेऊन म्हणाला, "इतके दवाखाने जवळ अन् नेलं काहून नाही गा?" मी म्हटलं, "विचारलं होतं." त्याला ते पुरेसं वाटलं नाही, दिसत होतं. मला तेव्हाही पुरेसं वाटलं आणि आजही वाटतं. मी आयुष्यात फार थोड्या माणसांचं नको ऐकून घेतलंय. त्यांतलं सगळ्यात मोठं नको ऐकून घेण्याइतकं शहाणपण आमच्या अंगी होतं, तर ते त्यांनीच आमच्याकडून एका पाखरावर घोटून घेतलेलं होतं. त्याबद्दल बाईंचे आभार मानायला हवे होते. मानायचे कसे, ते सुचेपर्यंत उशीर झाला.

भंते आले, वंदना झाली. न्यायची वेळ झाली तेव्हा चौघे पुढे सरसावले. सुजाता म्हणाली, "थांबा." मग ती डाव्या बाजूनं जाऊन वाकली आणि म्हणाली, "आई, उचलू आता?" चौघे वाकलेले तसेच थांबले. काही कळत नसूनही कोणी हललं नाही. शोभाताईंनी बाईंच्या डाव्या हाताखाली आपला हात घातला होता. थोड्या वेळानं सुजातानंच मान डोलावली.

आता पाचसहा आठवडे झाले. सुजाता दुपारी त्या खोलीत जाऊन बसते. आम्ही पलंग पुन्हा फिरवलेला नाही. परवा मला एक चांगला किस्सा सापडला होता, ऑफिसातला, ऐकून ती हसली असती अशी माझी खात्री होती. मी दोन कप चहा घेऊन गेलो, दाराशी उभा राहिलो आणि विचारलं, "येऊ का?" पूर्वीचा मी बोलत बोलतच आत शिरलो असतो. ती खिडकीकडे पाहत होती. जरा वेळानं म्हणाली, "आत्ता नको." मी परत आलो. स्वयंपाकघरात उभ्यानंच माझा चहा प्यायलो, मग तिचाही प्यायलो, थंड व्हायला नको म्हणून. किस्सा तोंडात घोळत होता, तो गिळला. बाहेर कोणीतरी रिक्षाच्या भाड्यावरून घासाघीस करत होतं, ते ऐकत राहिलो... बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "अहो, या आता. अन् चहा नवा टाका."